भिंतीच्या आत

(उत्तर रोनाल्डसे, ऑर्कनी)

बेटाला वळसा घालून बारा-तेरा मैल भिंत,
चुना नाही, माती नाही, दगडावर दगड.
आत गवत, गायी, आमची घरं.
बाहेर खडक, आणि खडकांवर मेंढ्या,
समुद्री शेवाळावर जगणाऱ्या,
ओहोटी लागली की जेवणाऱ्या.

वादळात भिंत ढासळली की आम्ही दोघं जायचो.
इंगा दगड द्यायची, मी रचायचो.
बहीण कसली, ओळंबाच होती;
कुठला कुठे बसेल, नजरेनं सांगायची.

मग एका मार्चमध्ये तिनं दिलेला दगड
हातात न येता हाताशेजारून गेला.
"वारा," ती म्हणाली.
त्या दिवशी वारा नव्हता.

मग कप. बोटं कपाच्या पुढे जायची,
मागे यायची, पुन्हा पुढे.
मग पाय. चर्चच्या दारात कुणी कुजबुजलं,
फौबिस्टरांची पोरगी सकाळीच घेऊन येते.
जन्मात थेंब घेतला नव्हता तिनं.
त्या रात्री घेतला,
आणि म्हणाली, छे, काही फरक नाही.

एम.एस., डॉक्टर म्हणाले.
आमच्याकडे हे नाव हवामानासारखं घेतात.
नसांवरचं वेष्टण झिजतं, एवढं मला कळलं:
उघडी पडलेली वायर. बास.

मेंदू तिनं आधीच लिहून दिला होता.
ती गेल्यावर दीड वर्षानं मोराग इनेस आली
ॲबर्डीनहून, शेवटी आठ खुर्च्यांच्या विमानात,
चहा घेतला, पाकिटाच्या पाठीवर एक झाड काढलं:
लहान मेंदूतली पेशी. तोल हिच्या हाती.

पेशीच्या अंगावर दारं असतात, म्हणाली, मिठाची.
"जेवणातलं मीठ?"
अर्धं तेच. सोडियम आत येतं, पेशी बोलते;
दार मिटतं, गप्प होते.
गप्प बसणंही बोलण्याइतकंच कामाचं.
दारांच्या जाती असतात. त्यातली एक
भाजलं, कापलं सांगणाऱ्या नसांमध्ये राहते.
लहान मेंदूत तिचं काही काम नाही.
इंगाच्या पेशींत ती होती.
काचपट्टीवर तपकिरी रंग, झाडभर.

"आली कुठून?"
आली नाही. आराखडा प्रत्येक पेशीत असतोच,
घडी घालून ठेवलेला. आजारात कुणीतरी घडी उलगडली.
उंदरांच्या पेशीत आम्ही ऐकलंय:
लय सोडते, एका सुरात वाजत राहते,
थांबायचं तिथे थांबत नाही.
दार धड आहे. घर चुकलंय.

मी तिला मेंढ्यांचं सांगितलं.
भिंतीच्या आत राहिल्या तर गवतानंच मरतात,
त्यातलं तांबं सोसत नाही त्यांना.
मेंढीत खोट नाही. गवतातही नाही.
व्याख्यानात वापरू का, तिनं विचारलं.
वापरा म्हटलं. नंतर वाटलं, नको होतं बोलायला.
मेंढीला मी शिंग धरून बाहेर काढू शकतो.

विमानाची वेळ झाली तेव्हा विचारलं,
मग तिला तिथे दुखत होतं का,
त्या दारांमुळे?
नाही, मोराग म्हणाली.
दुखण्याचं दार, पण दुखणं नाही.
नुसता हात चुकायचा.

काल दीपगृहाखाली पाच हात भिंत गेली.
एकटाच रचतोय. अजून सवयीनं
न बघता हात मागे करतो,
आणि दगड येत नाही तेव्हा
थोडा डावीकडे सरकवतो.