नावीन्य : दहा गुण

शनिवारचा शेवटचा तास आता उद्योजकतेचा.
शिकवणार कोण, तर भूगोलाची मी,
कारण वेळापत्रकात माझाच एक चौकोन रिकामा निघाला.
मी, जिने रद्दीसुद्धा आजवर
पहिल्या सांगितलेल्या भावाला देऊन टाकली.

तीन दिवस प्रशिक्षण झालं. फाईल, पेन, दोनदा चहा.
परत आल्यावर फळ्यावर लिहिलं : भांडवल.
त्याखाली : जोखीम.
मंगळवार पेठेतली नववी ब.
अर्ध्या वर्गाची चूल जुन्या बाजारावर पेटते,
बुधवारी आणि रविवारी, पाऊस नसला तर.
नकाशात समुद्र दाखवणाऱ्या बाईकडे
कोळ्यांच्या पोरांनी बघावं
तशी ती माझ्याकडे बघत होती.

गटाला पन्नास रुपये, मुदत तीन आठवडे.
सिद्रामच्या गटाने लिंबू सरबत काढलं.
वहीतली शेवटची नोंद : तोटा अठरा रुपये.
कारण : ऊन फार होतं, आम्हीच प्यायलो.
यामिनी कुंचेकरने पुस्तकांना कव्हरं घालून दिली, उधारीवर.
वसुली अजून चालू आहे.
मधल्या सुट्टीत ती दिसली
की सातवीतली मुलं नळामागे लपतात.

मुबीन शिकलगार एकटाच एक गट.
पन्नासची नोट त्याने तशीच परत आणली.
“लागली नाही, बाई.”
सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलं होतं
आजोबांचं धार लावायचं चाक.
झेंड्याच्या खांबाशी दिवसभर ठिणग्या.
कर्कटकाची टोकं, शिवणवर्गाच्या कात्र्या,
खिचडीवाल्या मावशींच्या तिन्ही सुऱ्या,
आणि माझी विळी, पिशवीतून लपवत आणलेली.
दहा रुपये म्हणाला. मी पाच पुढे केले.
“तुम्हीच शिकवलं ना, ओळखीत भाव पाडायचा नाही?”
दिले दहा.

अहवालात प्रश्न होता : कल्पना कशी सुचली?
त्याने लिहिलं : सुचली नाही. माळ्यावर होती.
नावीन्याला दहा गुण आहेत.
मी पेन्सिल घेतली, ठेवली.

सोमवारी त्याचे वडील आले,
रात्रपाळी करून, हिंजवडीहून तसेच,
खिशावर कंपनीचा बिल्ला.
“चाक मीच माळ्यावर टाकलं, बाई. हा दोन वर्षांचा होता तेव्हा.
गल्लोगल्ली ओरडून माझ्या बापाचा आवाज गेला,
शेवटी पाणीसुद्धा खुणेनं मागायचा.
हे सुटावं म्हणून पोराला शाळेत घातला.
आता शाळाच म्हणते, काढ?”

माझ्या फाईलमध्ये उत्तर होतं, पान चौदा,
पारंपरिक कौशल्यांची सांगड वगैरे.
फाईल उघडायची लाज वाटली.

टेबलावर शिवणवर्गाची कात्री पडली होती.
बोलता बोलता त्यांच्या हातात आली.
अंगठा पात्यावरून आडवा फिरला, न बघता.
“कोन चुकलाय.”
आम्हा दोघांपैकी कुणाला म्हणाले, कोण जाणे.
मग दाराशी उभ्या मुबीनकडे वळून :
“पातं फार टेकवलंस. हलकं धरायचं.”
आणि एकदम आठवल्यासारखी
कात्री खाली ठेवली, चटका बसावा तशी.
“नोकरीचं काहीतरी शिकवा, बाई.”
गेले. जिन्यावर त्यांचे बूट बराच वेळ ऐकू येत होते.

त्या रात्री विळीवर कांदा घेतला.
बोट कापलं, ते कांदा लाल दिसल्यावर कळलं.

शनिवारी तास सुटताना यामिनी आली.
“बाई, मुबीनला मी गिऱ्हाईक आणून देते.
पेठेत चौदा शिंपी आहेत, मी मोजले.
रुपयामागे माझे दहा पैसे.
हे नावीन्यात बसतं का?”
म्हटलं, मला माहीत नाही गं.
खरंच नव्हतं माहीत.
बोटाला पट्टी होती,
फळा पुसायचा होता,
आणि खडू धड धरता येत नव्हता.