सात नंबरची जर्सी

जिमखान्याच्या लोखंडी कपाटाला
किल्ली लागत नाही, लाथ लागते.
वरच्या फळीवर ढाली,
दोनांवरची नावं वाळवीनं वाचून संपवली.
मधल्या फळीवर क्रिकेटवाल्यांचे पॅड.
त्यांना दरवर्षी नवीन मिळतात
आणि दरवर्षी ते पहिल्याच फेरीत परत येतात.
सगळ्यात खाली, पेपरात गुंडाळलेली
एक जर्सी. खो-खो, मुली. सात नंबर.

मी बाबासो. तासगावच्या कॉलेजात शिपाई.
हुद्दा शिपायाचा, हात चुन्याचे.
सत्तावीस लांब, सोळा रुंद,
मधली पाटी वीतभर आणि थोडी,
दोन टोकांना दोन खांब.
आता दोरी न लावता आखतो.
सर म्हणतात, रेघ वाकडी आली.
मी म्हणतो, सर, जमीन वाकडी आहे.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडं छाटणी.
द्राक्षाच्या काडीचा डोळा फुटावा म्हणून पेस्ट लावतात,
लाल रंग घातलेली,
कुठली काडी झाली, कुठली राहिली ते कळायला.
पोरी पहाटे बागेत,
अकराला लेक्चरला,
साडेचारला मैदानावर.
हातमोजा फाटका निघाला की तळवा दोन दिवस लाल.
आणि नेमक्या त्याच वर्षी
टीमला पांढऱ्या जर्स्या आल्या.
कुणी पसंत केल्या, देव जाणे.

आंतरविभागीय. सेमीफायनल. पलूसचं मैदान, समोर कराड.
शेवटची पाळी, एक गडी हवा होता,
घड्याळात अकरा सेकंद.
रेहाना मुजावर पाटीच्या कडेनं आली,
सातव्या चौकोनात कुंदा मदने, उकिडवी,
एक टाच वर.
खो!
कुंदानं गडी टिपला.
आम्ही बाकड्यावर उभे, मी तर बादली लाथाडली,
आणि शिट्टी.
पंच म्हणाले, आधी उठली. हात लागायच्या आत.

कुंदा पाठमोरी उभी होती.
सातच्या आकड्याखाली पाच बोटं, लाल, घामानं ओली.
सगळं मैदान बघत होतं.
हात लागला होता, हे खरं.
कधी लागला, ते कापड सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या जागेसाठीही हरलो.
एसटीत रेहाना खिडकीशी बसली,
मूठ मिटून, कवठेएकंद येईपर्यंत.

मी ती जर्सी तीनदा धुतली.
लालचं गुलाबी झालं, पुढं हटेना.
आता नव्या पोरी आल्या की
पहिली लाथ कपाटाला.
जर्सी टेबलावर पसरतात,
एकेक जण त्या बोटांवर बोटं ठेवून बघते.
कुणाचा हात मोठा, कुणाची करंगळी उरते.
कुणी म्हणतं, हिला शिवून गेलं की टॉस आपला.
कुणी म्हणतं, हे रक्त आहे.
मी गप्प बसतो.
रक्त म्हटलं की पोरी सरावाला वेळेवर येतात.

गेल्या वर्षी कुंदा आली.
पोलीस भरती, खेळाचा दाखला हवा होता.
रजिस्टर काढलं. चौथा क्रमांक.
चौथ्याला कागद नसतो.
काय द्यावं सुचेना, म्हणून कपाट उघडलं.

तिनं जर्सी अंगाला लावली नाही,
नुसती उजेडाकडं धरली.
म्हणाली, "मामा, मी आधीच उठले होते."

बाहेर कुणीतरी डंबेल्स टाकत होतं, धप्प, धप्प.

"रेहानाचं पाऊल मला पाठीनं ऐकू यायचं.
कुणाचं नाही, तिचंच.
आली, कळलं. थाप कशाला थांबून घ्यायची?"

"मग हे?"

"उठता उठता लागला. बघा की."

बघितलं.
इतकी वर्षं मी समजत होतो, घामानं रंग ओघळला.
ओघळ नव्हता. बोटं खाली ओढली गेली होती,
पाठ वर निघालेली
आणि हात अजून तिथंच.

जर्सी परत पेपरात गुंडाळली.
पेपर नवा घेतला, घडी तीच ठेवली.
पोरींना काही सांगितलं नाही.

संध्याकाळी चुना काढला.
सगळं मैदान नेहमीसारखं आखलं,
फक्त सातव्या चौकोनावर
हात जरा रेंगाळला,
रेघ जाड आली.
सरांनी विचारलं.
म्हटलं, तिथली माती जास्त पिते.