दार

लाईट गेली, माग थांबले, की वडगावात
शेजारच्या घरातली उचकीसुद्धा ऐकू येते.
अशाच एका दुपारी विशू म्हणाला,
आत्या, चौकडी खाईना.

चौकडी म्हणजे त्याची दिवड.
माशांच्या तडकलेल्या टाकीत, वर जाळी,
जाळीवर वजनाला माझी मोडकी फणी.
तिला आणली त्या दिवशी मी भ्याले नाही,
अंगावरची वीण मोजत बसले.
काळं, पिवळं, काळं, पिवळं,
शेपटीपर्यंत एक घर चुकलेलं नाही.
असला माग कुणाकडे असेल?

महिनाभर रोज रात्री तो येळ्ळूरच्या रस्त्याला जायचा,
बॅटरी, तांदळाचं रिकामं पोतं, अनवाणी पाय.
भात पोटरीला आलेलं. उजेड डोळ्यांवर पडला
की बेडूक जागच्या जागी बसतो,
उचलायचा फक्त.
रानातलं ते, फुकटातलं, चांगलंच की, म्हणायचा.
मीपण म्हटलं होतं, चांगलंच की.

डॉक्टर हुक्केरींनी आधी शिव्या दिल्या.
हा साप घरात ठेवायचा नसतो, माहीत नाही?
मग बोट फिरवत गेले पाठीवरून
आणि दोन चौकड्यांवर थांबले.
तिथं वीण फुगली होती.
मला आधी दिसायला हवं होतं,
माझं कामच ते.

बारीकशी चीर. चिमटा.
पांढरं काहीतरी आलं. येत राहिलं.
विशूनं तोंड फिरवलं. मी बघत होते,
हाताला सवय असते, टोक सापडलं की ओढायची.
म्हटलं, डॉक्टर, हे तर सूत.
ते म्हणाले, इदु दार अल्ला, हुळा.

दार.
त्यांचा धागा. आमचं उंबऱ्यावरचं.
जन्मभर दोन्ही बोलत आले मी,
मुकादमाशी एक, देवाशी एक,
पण हे दोन शब्द कधी भेटले नव्हते.
भेटले ते त्या पत्र्याच्या टेबलावर,
ओलं, वळवळतं, वीतभर.

हे बेडकातून आलं, म्हणाले.
आणि ऐक, बेडूक तोंडानं पाणी पीत नाही.
कातडीनं पितो. ज्या शेतात बसला
ते शेत पितो, शेतावर फवारलं तेही.
किडा निदान दिसतो. मी काढतो.
औषध पोटात गेलं असेल तर
ते कुठल्या चिमट्यानं काढू?

विशूनं विचारलं, मग रानातली दिवड काय खाते?
बराच वेळ ते हात धूत राहिले.
तेच खाते, म्हणाले.
पण पोतं भरून कुणी तिला आणून देत नाही.
आणि ती मेली
तर इथं सांगायला कोण येतं?

जंगल खात्याचा माणूस दुसऱ्या दिवशी आला.
कन्नड कागदावर विशूनं मराठीत सही केली.
टाकी तशीच आहे. फणी मी परत घेतली,
वापरवत नाही.

राहिले बादलीतले सात बेडूक.
रात्री घेऊन निघाले.
पहिल्या शेताला उग्र वास होता, पुढं गेले.
पुढच्याला वास नव्हता,
पण वास नसणं म्हणजे काय, ते मला आता कळत नाही.
बळ्ळारी नाल्याकडं तर वळलेच नाही.
शेवटी एका बांधावर बादली कलती केली.
सहा गेले, पाण्यात टप् टप्.

सातवा तळाला चिकटून.
गळ्याखालची कातडी हलत होती, बस्.
हात घालून उचलणार होते,
तर बोटांना कारखान्याचं तेल.
तेही पिईल तो.
हात मागं घेतला. बादली आडवी ठेवून
चिखलात उकिडवी बसले.
वडगावाकडून रात्रपाळीचे माग सुरू झाल्याचं ऐकू आलं,
तरी तो निघेना.