अबू मिल्हची बखर

पहिल्या अंकात त्याला भूतकाळ नव्हता.
महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, पुरवणीच्या मागच्या पानावर
मुहर्रकच्या किनाऱ्याला तो नुसता उभा राहिला,
दाढीतून मीठ गळणारा उंच माणूस,
आणि गावातल्या सगळ्या नळांना
खारं पाणी आलं.

आबांनी त्याला उजवा काढला होता.
मालवणचा माणूस, चौकटी डावीकडून आखणार;
अरबी पान उलटं चालतं हे आधी कुणी सांगितलंच नाही.
प्लेटमेकर थंकच्चनने रात्री फिल्म पालथी घातली,
सकाळी आख्खं मनामा आरशातलं छापून आलं
आणि खलनायक डावखुरा.

संपादक उस्ताद जासिम चुकीला चूक म्हणत नसत.
चौदाव्या अंकासाठी त्यांनी कारण लिहून पाठवलं:
हा पूर्वी मोत्यांच्या गलबतावर दोर ओढायचा.
खाली पाणबुड्या, वर हा.
नोखदाचं कर्ज बापाकडून याच्याकडे आलेलं
(नोखदा म्हणजे आपला नाखवाच, आबा सांगत,
फक्त हा वह्या ठेवतो).
एकदा दोर उजव्या हातातून निसटला.
खाली सख्खा भाऊ होता.
तेव्हापासून तो हात त्याने मिठात पुरून ठेवलाय.

मुलांना हे आवडलं नाही.
त्यांना तो कारणाशिवाय वाईट हवा होता.

चाळिसाव्या अंकात तो मेला.
सित्राच्या कारखान्यात, जिथे समुद्राचं गोडं पाणी करतात,
नायकाने टाकीत ढकललं, हा विरघळला.
खप निम्म्यावर आला.
एक्केचाळिसाव्यात तळाच्या साक्यातून पुन्हा उठला,
जरासा बुटका.

मग इसा टाउनहून पत्र आलं, हेसा नावाच्या मुलीचं,
वय वर्षं नऊ:
तुम्ही त्याला अबू म्हणता,
तर मग त्याचं मूल कुठाय?

उस्ताद जासिम हसत सुटले. आबांना मागाहून कळलं,
अबू म्हणजे बाप.
साडेतीन वर्षं ते एका बापाचं चित्र काढत होते
आणि त्यांना वाटत होतं, आडनाव असेल.

मूल मालवणात होतं. दुसरीत.
डाव्या हाताने लिहितं म्हणून पट्टी खात होतं.
आबांकडे माझा एक फोटो होता, पुढचे दोन दात पडलेला;
त्यावरून त्यांनी मिल्ह काढली,
फ्रॉकच्या खिशात खडेमीठ, डाव्या हातात बापाचा दोर.
थंकच्चनने सवयीने फिल्म पालथी घातली.

वारशात तिला काय मिळालं?
नोखदाची वही. एक हात, कुठेतरी पुरलेला.
शहराचं पाणी नासवायची विद्या,
जी तिने एकदाच वापरली, पोहण्याच्या तलावावर, कंटाळून.
पुढे तिने बापाला हरवायचं की त्याच्यासारखं व्हायचं,
यावर आबा आणि जासिम दोन महिने भांडले.
तेवढ्यात कागद महागला, पुरवणी बंद झाली.
मिल्ह अजून किनाऱ्यावर उभी आहे, तोंड उघडं,
फुग्यात एकही शब्द नाही.

मी सित्राला पाण्यातलं मीठ मोजते. अकरा वर्षं झाली.
खाल्ल्या मिठाला जागावं, आबा म्हणायचे;
मी तर त्याचे आकडे लिहून ठेवते.

परवा पाळी बदलताना नवा पर्यवेक्षक,
पन्नाशीचा, पोट सुटलेला, माझ्या पेनाकडे बघत राहिला.
डावखुरी? अबू मिल्हच्या घरातली की काय?
मी म्हटलं, मुलगी.
त्याने मान हलवली, परीक्षेत चुकलेल्या पोराकडे बघावं तसं:
नाही. मला नीट आठवतं.
मुलगी उजवी होती.

छापताना चुकलं होतं, मी म्हटलं,
आणि त्याच्या नोंदवहीत
त्या दिवशीचा क्षार लिहिला.