उंदराची सुगी

हत्तीचा पाऊस सरला. चित्राचं ऊन
पाठीवर तव्यासारखं टेकतंय,
आणि कामं एकमेकींच्या पायात पाय घालून
दारात उभी.

गोठ्याची जमीन उकरून मुरूम घालायचा.
कणगीला शेणाचा हात, आतून, बाहेरून.
कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवायचा, उन्हात नव्हे,
उन्हात त्याचा कडूपणा उडतो.
जुन्या तांदळात सोंडे झालेत, काळे, सुईच्या टोकाएवढे;
सुपात घेतले की उताराकडे पळत सुटतात,
जणू मुरगूडची शेवटची एस्टी चुकेल.

बांधाकडच्या सरीत ऊस उभ्या उभ्या पिवळा पडला.
ओढला, तर बुडख्यासकट हातात आला.
मुळ्या नाहीतच.
मातीत हुमणी, कानातल्या बुगडीसारखी वाकलेली,
पांढरी, तोंड तेवढं तांबूस.
बादलीभर वेचल्या. कोंबड्यांनी पहिल्या शंभर खाल्ल्या,
मग त्यांनीही मान फिरवली.

हे सगळं दिवसाचं.
रात्री माळ्यावर कुणीतरी जातं ओढतं.

चापाला भजी लावलं: भजी गेलं, चाप तसाच.
सुकट लावली: आमचीच मांजर अडकली,
दोन दिवस माझ्याकडे बघेना.
औषधाच्या दुकानातला मगदूम म्हणाला,
"वैनी, वडी न्या. एका रात्रीत सगळं गप्प."
मागच्या साली नेली होती.
वडी खाल्लेला उंदीर आधीच्या मांजरीनं खाल्ला,
आणि ती शेणीच्या हुडव्याआड जाऊन
तिथंच राहिली.
मी वडी घेतली नाही. मीठ घेतलं, परत आले.

मग दस्तगीर आला, पहार घेऊन.
भाताच्या बांधाला पाच तोंडं. चार चिखलानं बुजवली,
पाचव्याला फुटकं मडकं लावून
शेणीचा धूर, त्यात चार सुक्या मिरच्या.
आम्हीच जास्त खोकलो.
घूस कधी, कुठून गेली, दोघांनाही दिसली नाही.

बीळ खणत गेलो. हातभर आत
ते वळलं, आणि खोली लागली.
लोंब्या.
सगळ्यांचे देठ एका अंगाला,
पेंढी बांधताना मी लावते तसे.
कोपऱ्यात वेगळ्या शेंगा, माती झटकलेल्या.
मी एक लोंबी चोळून बघितली, दुसरी, तिसरी.
एकही पोचट नाही.
आमच्या मळणीत शेराला मूठभर पोल निघतोच.

माझी कणगी अजून अर्धी लिंपायची होती.

पलीकडच्या खोलीत चगाळ, मऊ केलेलं,
माझ्याच जुन्या लुगड्याची एक किनार,
आणि सात पिल्लं, बोटाच्या पेरासारखी,
डोळे न उघडलेली.
दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं.
मी म्हटलं, "उरकून टाक."
तो म्हणाला, "तुम्ही आत जावा वैनी. च्या टाका."

चहात साखर दोनदा पडली.
तो प्याला, मी प्याले.
गोड झालाय, असं कुणी म्हटलं नाही.

तागडीत सव्वादोन किलो भरलं.
बिळातलं धान्य खणणाऱ्याचं, अशी रीत;
दस्तगीर "नको" म्हणाला, मग अर्धं नेलं,
कोंबड्यांना म्हणून.
माझं अर्धं मी धुऊन वाळवलं,
त्यातले सगळ्यात टपोरे दोन ओंजळी
फडक्यात बांधून ठेवले.
वर चिठ्ठी लावली: बांधाचं. बियाण्याला.
घरात विचारलं कुणी, तर सांगीन,
पारख केलीय एकीनं.

काल कणगी लिंपून झाली.
ओल्या शेणाचा वास, निंबाचा वास,
वेदगंगेकडून पहिला गार वारा.
पाठ टेकली,
आणि माळ्यावर
खर्र, खर्र.

उठले नाही. अंगावर वाकळ ओढली.
पण फडकं माळ्यावरच आहे हे आठवलं,
मग उठले,
आणि अंधारात शिडी चाचपत
ते काढून
पत्र्याच्या डब्यात ठेवलं.