तेवढं बघ ना

खोव्दच्या विद्यापीठात मला बोलवायचे ते
प्रोजेक्टर रुसला की.
दारातूनच म्हणायचे, "सोलोंगो, तेवढं बघ ना."
तेवढं बघून मी परत तळघरात,
सर्व्हरच्या उबेला. बाहेर उणे एकतीस.

आज मात्र कुलगुरूंच्या टेबलाशी खुर्ची.
दुधाचा खारा चहा माझ्याही पुढ्यात.
डीन दोर्जपालम म्हणाले, "यादी द्या,
व्याख्यानं अर्धवट सोडणाऱ्यांची.
नावं कापू. पैसा वाचेल."

यादी माझ्याकडे होतीच.
तिच्यात एक मुलगा आहे, रात्री दोनला येतो,
चार मिनिटं टिकतो, तुटतो,
पुन्हा येतो.
एका तासाचं ऐकायला त्याला अकरा रात्री लागल्या.
त्यांच्या छावणीत रेंज फक्त टेकडीवर,
आणि मेंढ्या खाली.

मी म्हटलं, यादी नाही देत.
व्याख्यानं हलकी करून देते.
चित्र काढू, आवाज ठेवू,
घोड्यावर बसूनही ऐकतील.

कुणी बोललं नाही.
दोर्जपालमांनी पेन मिटलं, पुन्हा उघडलं.
मग कुलगुरूंनी विचारलं,
"किती दिवस लागतील?"

चौदा वर्षांत पहिल्यांदाच
कुणी 'लगेच कर' म्हणालं नव्हतं.