चार फेब्रुवारी

दोन्ही घड्याळं त्यांनी माझ्या हिरव्या फडक्यावर ठेवली,
उंबऱ्यापाशी चपलांचा जोड ठेवावा तशी.
"शिकलगार, आठवड्याच्या बोलीवर आणलीत.
एक ठेवायचं, एक परत द्यायचं. सांगा कुठलं."

बसगोंडा चौगुले. शिरोलीला फाउंड्री.
मनगटावर उडालेल्या बिडाचे जुने पांढरे ठिपके.
एकेकाच्या किमतीत उद्यमनगरात गाळा आला असता,
पण ते मला विचारलेलं नव्हतं.

यंत्र दोन्हींचं एकच.
तीस-एकतीस कळणारं, फेब्रुवारी कळणारं,
एकवीसशे साल उजाडेपर्यंत न चुकणारं.
तेव्हा चुकेल, आणि दुरुस्तीला माझ्याकडे येणार नाही.
फरक फक्त चेहऱ्याचा.

पहिल्याची डायल ताकाच्या रंगाची.
वार आणि महिना बाराखाली दोन खिडक्यांत,
लीप वर्षाला मोहरीएवढं भोक,
बाकी सगळं मोकळं.
काढणाऱ्याला गप्प बसता येत असणार.

दुसरी नव्या गुळाच्या रंगाची.
तीन वर्तुळं एकमेकांना खेटून,
तीनचा आकडा अर्धा कापलेला,
सहाचा तर चंद्रानं अख्खा खाल्लेला.
आणि वरच्या वर्तुळात, शेंगदाण्याएवढ्या जागेत,
अठ्ठेचाळीस महिने.
चार वर्षं एका फेऱ्यात,
चार फेब्रुवारी,
त्यातला एकच तांबडा.

मी म्हटलं, पहिलं घ्या.
डायल करायची म्हणजे काय दाखवायचं नाही ते ठरवायचं.
साच्यातली पोकळी बिघडली तर काय होतं
ते तुम्हाला मी काय सांगणार?

"खरं हाय की," म्हणाले,
आणि माझं भिंग उचलून दुसऱ्यावरच वाकले.

बाहेर पानपट्टीवर वाद चाललेला,
आज किरणं कमरेपर्यंत आली की गुडघ्यालाच अडली.
ढग होते म्हणे.

"आई म्हणायची," भिंगातून डोळा न काढता ते म्हणाले,
"शिवरात्र होऊन चार दिवस झालेले,
कोर दिसली आणि तू आलास, जादाच्या दिवशी.
रुकडीच्या मास्तरांनी विचारलं, जादाचा म्हणजे कुठला?
तिला काय सांगता येईना.
मग लिवला एक जून.
वर्गात आम्ही एकोणीस जण एक जूनचे."

मी हसलो. मीही एक जूनचाच.

मग म्हणाले, "त्या दिवसावर आणून दावा की."

खटका दाबायची लाकडी काडी घेतली.
रात्री नवानंतर हे करायचं नसतं, दाते मोडतात;
आत्ता सहा वाजत होते.
महिन्याचा खटका सत्तावीस वेळा.
तारखेचा वेगळा, वाराचा वेगळा, चंद्राचा शेवटी.
अठ्ठेचाळिसातला काटा एकेक घर सरकत
तांबड्या ठिपक्यावर येऊन टेकला.
एकोणतीस.
खाली निळ्यात नखाएवढी कोर.

चौगुल्यांनी ते हातात घेतलं नाही.
दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत राहिले,
भट्टी उघडण्याआधी उभे राहत असतील तसे.
चहा आला, त्यावर साय धरली.

"बरं," म्हणाले, "आता आजवर आणा."

मागं फिरत नाही हे, मी म्हटलं.
आज हवा असला तर पुढूनच गाठायचा,
उरलेले एकवीस महिने ओलांडून.

"मग ओलांडा," म्हणाले,
आणि गार चहा एका घोटात प्याले.

ताकाच्या रंगाचं मी डबीत घालत होतो.
"ह्येच चांगलं दिसतंय म्हणा," ते म्हणाले,
"तुमचं बरोबर हाय."
आणि गुळाचं मनगटावर बांधलं,
पट्टा एक भोक सैल.